पुस्तकाच्या दोन तारखा

ब्रिटिश साहित्याचा रोमँटिक कालखंडापासून आजपर्यंतचा अभ्यास आपल्याकडे बहुतेक वेळा कप्प्याकप्प्यांनी होतो. १७९८ साली वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांचा 'लिरिकल बॅलड्स' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला की रोमँटिक युग सुरू होते, राणी व्हिक्टोरियाबरोबर व्हिक्टोरियन युग येते, पहिल्या महायुद्धाच्या आसपास आधुनिकतावाद येतो आणि १९४५ नंतरचे सारे 'समकालीन' या एका शब्दात मावते. परीक्षेसाठी ही विभागणी सोयीची आहे आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. परंतु पदव्युत्तर वर्गाला हा विषय शिकवताना माझे एक मत दरवर्षी अधिक पक्के होत गेले आहे, ते येथे सविस्तर मांडावेसे वाटते. प्रत्येक पुस्तकाला निदान दोन तारखा असतात: एक ते लिहिले गेले ती, आणि दुसरी ते वाचकांच्या हाती पडले ती. या दोहोंतले अंतर कधी दोन-चार महिन्यांचे असते, तर कधी पन्नास-साठ वर्षांचे. वाङ्मयेतिहासातल्या कितीतरी महत्त्वाच्या गोष्टी या अंतरातच घडलेल्या असतात, आणि वहीत एकच साल लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

विल्यम वर्डस्वर्थचे 'द प्रील्यूड' हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. १७९८-९९ च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या गोस्लार या गावी थंडीने अडकून पडलेला असताना त्याने आपल्या बालपणाविषयीच्या ओळी लिहायला घेतल्या. १८०५ मध्ये तेरा सर्गांचे काव्य पूर्ण झाले. ज्या मित्राला उद्देशून ते लिहिले होते त्या कोलरिजला त्याने ते वाचून दाखवले आणि मग ठेवून दिले. पुढची तीसएक वर्षे तो त्यावरून अधूनमधून हात फिरवत राहिला, पण काही तुटक उतारे वगळता त्याने ते छापू दिले नाही. २३ एप्रिल १८५० रोजी त्याचे निधन झाले आणि त्याच वर्षी चौदा सर्गांची सुधारित संहिता प्रसिद्ध झाली. 'द प्रील्यूड' हे नावसुद्धा त्याची पत्नी मेरी हिने दिलेले आहे. त्याच १८५० मध्ये टेनिसनचे 'इन मेमोरियम' आले, वाचकांनी ते डोक्यावर घेतले आणि वर्डस्वर्थच्या जागी राजकवी म्हणून टेनिसनची नेमणूक झाली.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्या काव्याला आज आपण इंग्रजी रोमँटिक कवितेचा कळस मानतो, ते त्या युगात घरच्या माणसांखेरीज आणि जवळच्या मित्रांखेरीज कोणी वाचलेलेच नव्हते. कीट्स १८२१ साली गेला, शेली १८२२ साली, बायरन १८२४ साली, आणि तिघेही ते न वाचताच गेले. या तरुण पिढीपुढे जो वर्डस्वर्थ होता तो १८१४ च्या 'द एक्स्कर्शन'चा, उपदेशाकडे झुकलेला, प्रस्थापितांच्या बाजूला जाऊन बसलेला कवी. शेलीने त्याच्यावर लिहिलेल्या सुनीतात स्वातंत्र्याचा पक्ष सोडून गेल्याबद्दल खंत केली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत पॅरिसमध्ये वावरलेल्या, त्या आशेने भारून गेलेल्या आणि नंतर आतून मोडलेल्या वर्डस्वर्थची स्वतःच्या शब्दांतली कहाणी शेलीने वाचली असती, तर ते सुनीत त्याने तसेच लिहिले असते का, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारते. त्याचे ठाम उत्तर देता येत नाही, पण रोमँटिक कवींच्या दोन पिढ्यांमधला बेबनाव काही अंशी न छापलेल्या हस्तलिखिताच्या आडोशाने वाढला, हे त्यातून कळते.

गोष्ट इथेच संपत नाही. १९२६ मध्ये अर्नेस्ट डी सेलिन्कोर्ट या संपादकाने १८०५ ची मूळ संहिता प्रथमच छापली. टी. एस. एलियटचे आधुनिकतावादी काव्य 'द वेस्ट लँड' येऊन तेव्हा चार वर्षे झाली होती, आणि अशा वेळी इंग्रजी वाचकांना एक तरुण, अधिक निर्भीड वर्डस्वर्थ नव्याने भेटला. दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या की त्याची वाटचाल ओळीओळींतून दिसते. १८५० च्या संहितेत एडमंड बर्कची, म्हणजे फ्रेंच क्रांतीच्या कट्टर विरोधकाची, स्तुती आहे; १८०५ मध्ये तिचा मागमूस नाही. यावरून म्हाताऱ्या कवीने आपले तरुणपणचे काव्य बिघडवले असे सर्रास म्हटले जाते. मला ते सरसकट पटत नाही. पहिल्या सर्गातला नावेचा प्रसंग पाहा. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी मुलगा एकटाच विलोच्या झाडाला बांधलेली कुणाची तरी नाव सोडतो आणि चांदण्यात वल्ही मारत तळ्यात शिरतो. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर नजर खिळवून तो नाव सरळ रेषेत हाकत असतो. जसजसा तो किनाऱ्यापासून दूर जातो, तसतसा त्या डोंगरामागून दुसरा एक प्रचंड कडा वर येऊ लागतो, जणू स्वतःच्या इच्छेने डोके वर काढून आपल्या मागे लागल्यासारखा. थरथरत्या हातांनी मुलगा नाव वळवतो, आणि पुढे कितीतरी दिवस त्याच्या मनात झाडांची, आकाशाची, शेतांची ओळखीची रूपे उरत नाहीत. १८०५ मध्ये हा कडा नुसता 'प्रचंड' आहे. १८५० मध्ये त्याच ओळीत ते विशेषण दोनदा येते आणि मध्ये काळा रंग येतो. त्या पुनरुक्तीत मला भेदरलेल्या मुलाचे अडखळणे ऐकू येते. सुधारणा करणारा हात इथे साठीकडे झुकलेल्या कवीचा असो की त्याहून वृद्ध कवीचा, ती भीती त्याला विसरता आलेली नव्हती.

आपल्याकडच्या वाचनालाही ही तारीख लागू पडते. केशवसुतांचे निधन १९०५ साली झाले. त्यांच्या पिढीतल्या कुणी 'द प्रील्यूड' वाचले असेल तर ते १८५० चेच असणार, कारण १८०५ ची संहिता छापून यायला अजून एकवीस वर्षे होती. 'वर्डस्वर्थचा मराठी कवितेवरील प्रभाव' या विषयावर निबंध लिहिताना कोणता वर्डस्वर्थ, हे आधी ठरवावे लागते. दुर्दैवाने तसे क्वचितच होते.

त्याच घरातली आणखी एक वही अशीच उशिरा बाहेर आली. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी वादळी वाऱ्यात डोलणारी डॅफोडिल्स वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी यांनी मिळून पाहिली. डोरोथीने ती आपल्या दैनंदिनीत टिपली. काही फुले दमून दगडांवर उशीसारखी मान टेकून होती, इतके बारीक तिने पाहिले आहे. विल्यमची कविता १८०४ मधली आणि छापली गेली १८०७ मध्ये. तिच्यात बहीण नाही, कवी एकटाच ढगासारखा भटकतो आहे. डोरोथीची दैनंदिनी बऱ्याच अंशी ग्रंथरूपाने उपलब्ध झाली ती १८९७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चार दशकांनी. आज दोन्ही मजकूर एकत्र वाचायला मिळतात हे आपले भाग्य आहे. शाळेत पाठ केलेली ती कविता दैनंदिनीशेजारी ठेवून पुन्हा वाचावी, असे मी आग्रहाने सांगते.

जेन ऑस्टिनच्या बाबतीत तर या दोन तारखांविषयी लेखिका स्वतःच बोलली आहे. 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी तिने 'सुझन' या नावाने १८०३ मध्ये एका लंडनच्या प्रकाशकाला दहा पौंडांना विकली. त्याने ती विकत घेतली आणि छापलीच नाही. १८०९ मध्ये ऑस्टिनने टोपणनावाने पत्र पाठवून जाब विचारला, तेव्हा हवी तर त्याच दहा पौंडांना हस्तलिखित परत घ्या, असे उत्तर आले. अखेर १८१६ मध्ये ते परत मिळवले गेले. त्यानंतर तिने पुस्तकासाठी एक छोटे निवेदन लिहिले. कादंबरी पूर्ण होऊन तेरा वर्षे लोटली आहेत, या काळात ठिकाणे, रीतीभाती, पुस्तके आणि मते यांत पुष्कळ बदल झाला आहे, याचे भान वाचकांनी ठेवावे, अशी विनंती तिने त्यात केली आहे. हे निवेदन मी प्रत्येक वर्गाला आधी वाचून दाखवते. ज्या भयकादंबऱ्यांची थट्टा या पुस्तकात आहे, त्यांची लाट १७९० च्या दशकातली. पुस्तक बाहेर पडले डिसेंबर १८१७ मध्ये, तेव्हा ती लाट ओसरत आली होती आणि ऑस्टिनला जाऊन पाच महिने झाले होते. चार खंडांच्या त्या संचात याच कादंबरीबरोबर 'पर्स्वेजन' होती, म्हणजे प्रकाशनासाठी तिने विकलेली सर्वांत पहिली कादंबरी आणि तिने पूर्ण केलेली शेवटची कादंबरी एकाच दिवशी वाचकांपुढे आल्या. विशीतली चपळ विनोदबुद्धी आणि चाळिशीतली परिपक्व हुरहुर यांमध्ये एका आयुष्याचे अंतर आहे, पण प्रकाशनाचे साल मात्र एकच.

व्हिक्टोरियन कादंबरीकडे आले की चित्र पालटते. डिकन्सच्या बाबतीत लिहिणे आणि वाचणे जवळजवळ हातात हात घालून चालते. 'ब्लीक हाउस' मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात दरमहा भागाभागाने आले. प्रत्येक भाग बत्तीस पानांचा, दोन चित्रांसह, किंमत एक शिलिंग. पुढचा भाग अजून लिहिलाही गेलेला नसताना मागचा भाग घरोघर वाचला जात होता. 'क्रमशः'ची ओढ माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन रात्रींत ती जाडजूड कादंबरी उरकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र मी एवढेच सुचवते की एका भागाशी थांबावे, आणि पुढे काय होईल याचा विचार करण्याइतका वेळ स्वतःला द्यावा. डिकन्सने योगायोग इतके का वापरले, एवढी पात्रे पुन्हा पुन्हा आपल्या लकबींसह का येतात, याचे उत्तर त्या महिन्याभराच्या खंडात सापडते. महिन्यापूर्वी भेटलेले माणूस लगेच ओळखता यायला हवे ना.

जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' १८७१-७२ मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली, पण तिचे कथानक घडते १८२९ ते १८३२ या काळात, मताधिकार वाढवणारा पहिला सुधारणा कायदा होण्यापूर्वीच्या धामधुमीत. इथे तिसरी तारीख येते, म्हणजे कथा ज्या काळात घडते ती. दुसरा सुधारणा कायदा १८६७ साली झाला होता आणि त्यानंतरचे वाचक आपल्या आईबापांच्या तारुण्यातला काळ या कादंबरीत पाहत होते. आपण तिला व्हिक्टोरियन कप्प्यात ठेवतो, पण तिच्यातली माणसे व्हिक्टोरिया गादीवर येण्यापूर्वीची आहेत. दुसऱ्या प्रकरणात जेवणाच्या टेबलावर श्री. ब्रुक सांगतात की केंब्रिजमध्ये वर्डस्वर्थ आणि ते एकाच वेळी होते, पण भेट काही झाली नाही. वीस वर्षांनी एका मेजवानीत मात्र दोघे एकत्र जेवले. ब्रुक हा वाक्य पुरे न करणारा, सगळ्या विषयांत थोडेथोडे डोकावून आलेला गृहस्थ आहे, आणि त्याच्या तोंडी कवीचे नाव घालून एलियटने एका पिढीचा रोमँटिक वारसा किती वरवरचा होता हे सुपाचा चमचा खाली ठेवायच्या आत दाखवले आहे. मला स्वतःला या संपूर्ण अभ्यासक्रमात एकच पुस्तक निवडायला सांगितले तर मी हेच निवडीन.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स कोणत्या युगाचा, हा प्रश्न तर दर परीक्षेत कुणाला तरी अडवतो. जेझुइट पंथाचा हा धर्मगुरू १८४४ साली जन्मला आणि १८८९ मध्ये डब्लिनला विषमज्वराने गेला. डिसेंबर १८७५ मध्ये 'डॉइचलँड' जहाज बुडून पाच जोगिणी मृत्युमुखी पडल्या, त्यावर त्याने एक दीर्घ कविता लिहिली; त्याच्याच पंथाच्या मासिकाने ती छापली नाही. त्याचा मित्र रॉबर्ट ब्रिजेस याने कवितांची हस्तलिखिते जपली आणि १९१८ मध्ये, स्वतः राजकवी असताना, त्यांचा संग्रह काढला. प्रती ७५०. त्या संपायला दहाएक वर्षे लागली आणि दुसरी आवृत्ती १९३० मध्ये निघाली. तोवर टी. एस. एलियट आणि एझ्रा पाउंड यांच्या कवितेने वाचकांचे कान तयार केले होते. तुटक, आघातांवर उभी असलेली हॉपकिन्सची लय त्यांना आता आपल्या काळातली वाटली, आणि १९३२ मध्ये एफ. आर. लीव्हिस या समीक्षकाने त्याला थेट एलियट आणि पाउंड यांच्या पंक्तीत बसवले. तो कवी त्यांच्याही जन्माआधी लिहीत होता.

१९१८ हेच वर्ष पहिल्या महायुद्धातला सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन याच्या मृत्यूचे. एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात १९१७ मध्ये त्याची सिगफ्रीड ससून या कवीशी भेट झाली. ओवेनच्या 'अँथम फॉर डूम्ड यूथ' या प्रसिद्ध सुनीताच्या खर्ड्यावर ससूनच्या हातच्या दुरुस्त्या आजही दिसतात. युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबरला, तो मारला गेला. हयातीत त्याच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या होत्या. ससूनने १९२० मध्ये पहिला संग्रह काढला, पण ओवेन घराघरांत पोहोचला तो १९६० च्या दशकात, बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराच्या 'वॉर रेक्विएम'मध्ये त्याच्या कविता १९६२ साली कोव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलमध्ये गायल्या गेल्यानंतर. पहिल्या महायुद्धाचे जे चित्र आज आपल्या मनात आहे, ते पुष्कळ अंशी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वाचकांनी घडवलेले आहे.

ई. एम. फॉर्स्टरपाशी मराठी वाचकाने जरा जास्त रेंगाळावे, असे मला मनापासून वाटते. १९१२-१३ च्या पहिल्या भारतभेटीनंतर त्याने 'अ पॅसेज टू इंडिया' लिहायला घेतली, पण ती अडली. १९२१ मध्ये तो पुन्हा आला आणि काही महिने देवास थोरली पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला. माळव्यातले हे मराठी संस्थान. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने राजवाड्यात राहून पाहिला आणि तो पाहून गोंधळलेल्या, भारावलेल्या मनाने घरी पत्रे लिहिली. कादंबरी १९२४ मध्ये पूर्ण होऊन प्रसिद्ध झाली आणि तिच्या शेवटच्या भागात तोच उत्सव आला.

या भागाची सुरुवात प्राध्यापक नारायण गोडबोले देवासमोर उभे आहेत, अशी होते. गोरा वर्ण, निळसर-करडे डोळे असे त्यांचे वर्णन आधी आलेले असते, आणि कोकणस्थी आडनाव असलेल्या या गृहस्थांना ओळखायला मराठी वाचकाला कुठलीही टीप लागत नाही. गोडबोले आणि त्यांचे साथीदार झांजा वाजवीत गातात ते तुकारामाला उद्देशून: तूच माझा बाप, तूच माय, तूच सर्व काही. गाता गाता गोडबोल्यांना एका वृद्ध इंग्रज बाईची आठवण येते, मग कुठेतरी दगडावर बसलेली एक गांधीलमाशी आठवते. दोघींनाही ते सारख्याच प्रेमाने कवेत घेतात. मग त्या दगडालाही घेऊ पाहतात, आणि ते काही जमत नाही. भजनातल्या एका माणसाच्या मनाची ही हालचाल फॉर्स्टरने इतक्या अचूकपणे टिपली आहे की हा निरीश्वरवादी इंग्रज तिथे नुसता पाहुणा म्हणून उभा नव्हता, याची खात्री पटते. देवासची पत्रे 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात १९५३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा या प्रकरणामागचा प्रत्यक्ष उत्सव इंग्रजी वाचकांपुढे आला. कादंबरी येऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती. मराठी वाचकाला त्यातले पुष्कळसे पहिल्याच वाचनात ऐकू आले असते. आपल्या विद्यापीठांतले विद्यार्थी या भागावर लिहितानाही बहुधा परदेशी समीक्षकांचीच अवतरणे देतात. तुकारामाची गाथा घरात असताना हे पाहून मला वाईट वाटते.

फॉर्स्टरचीच 'मॉरिस' १९१३-१४ मध्ये लिहून झालेली, दोन पुरुषांच्या प्रेमाची आणि मुख्य म्हणजे त्या प्रेमाच्या सुखान्ताची कादंबरी. ती त्याने कायद्याच्या आणि लोकलज्जेच्या धाकाने आयुष्यभर टंकलिखितातच ठेवली. छापता येईल, पण त्याची किंमत मोजावी का, अशा अर्थाचा शेरा त्याने त्यावर लिहून ठेवला होता. १९६७ मध्ये इंग्लंडातला कायदा बदलला, १९७० मध्ये फॉर्स्टर गेला आणि १९७१ मध्ये पुस्तक आले. तोवर समलिंगी मुक्तीची चळवळ उभी राहिली होती आणि काही वाचकांना कादंबरी जुनाट वाटली. १९१४ साली तिच्यात जे धाडस होते ते त्यांना दिसू शकले नाही, याचे कारण ते धाडस सत्तावन्न वर्षे खणात होते.

नंतर आलेले पुस्तक आधीच्या पुस्तकाला बदलते, असेही होते. जीन ऱ्हीसची 'वाइड सारगॅसो सी' १९६६ मध्ये आली आणि १८४७ च्या 'जेन एअर'मधल्या माळ्यावर कोंडलेल्या बर्थाला कॅरिबियन बेटांवरचे बालपण, आई आणि स्वतःचे नाव मिळाले. ऱ्हीस स्वतः डॉमिनिका बेटावर जन्मलेली. विद्यार्थ्यांनी 'जेन एअर' आधी आणि संपूर्ण वाचावी, असा माझा हट्ट असतो. ऱ्हीसची कादंबरी आधी वाचली तर शार्लट ब्राँटेने बर्थाला किती कमी शब्दांत उरकले आहे, हे जाणवण्याचा धक्काच हुकतो.

काझुओ इशिगुरोच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'ला तर चार तारखा आहेत. प्रकाशन १९८९. बटलर स्टीव्हन्स मोटारीने प्रवासाला निघतो तो जुलै १९५६ मध्ये. त्याच्या आठवणी १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या, जर्मनीशी हातमिळवणी करू पाहणाऱ्या धन्याच्या हवेलीतल्या. आणि चौथी तारीख आपल्या वाचनाची. १९५६ च्या त्याच जुलैच्या २६ तारखेला इजिप्तचा अध्यक्ष नासर याने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि ब्रिटिश साम्राज्याच्या उरल्यासुरल्या दिमाखाला शेवटची कळ लागली. स्टीव्हन्सच्या संपूर्ण कथनात सुएझचा उच्चार नाही. डेव्हनमधल्या एका खेड्यात गावकरी साम्राज्यातले लहान देश स्वतंत्र होत असल्याबद्दल वाद घालतात, पण तोही वरच्यावर विरतो. मी ही तारीख वर्गाला आधी सांगत नाही. सर्वांनी कादंबरी पूर्ण वाचल्यावर सांगते, आणि मग 'जुलै १९५६' असे शीर्षक असलेले पहिले प्रकरण पुन्हा उघडायला लावते.